मुठीला दोन करंगळ्या कमी

प्रा. रत्नमाला साळवे. माझ्यावर या जगात ज्या माणसाचे सगळ्यात जास्त उपकार आहेत, त्या माणसाचं हे नाव. आम्ही सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणायचो, त्यामुळे पूर्ण नाव लिहिताना हात जरा अडखळतो. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कल्याणला, आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. मुलं लोलकाची आंदोलनं मोजत होती. फोन त्यांच्या मुलाचा, प्रशांतचा होता. "संतोष, आई गेली," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर एका मुलीने विचारलं, "सर, आता थांबू का मोजत राहू?" ठाण्यात, बाळकुमला त्यांच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यालाही आता काही आठवडे झाले. तिथे मला बोलायला सांगितलं होतं. उभा राहिलो, त्यांच्या शिकवण्याबद्दल चार वाक्यं बोललो आणि बसलो. त्यांच्या शेवटच्या वर्षाबद्दल, त्या धूमकेतूबद्दल, बोलता आलं नाही. ते इथे लिहितो आहे.

मी मुरबाडचा. माझे वडील भातगिरणीत हमाल होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मराठी शाळेतून थेट कल्याणच्या कॉलेजात आलो आणि पहिले काही महिने फळ्यावरचं इंग्रजी नुसतं उतरवून घेत राहिलो. मॅडम तिथे भौतिकशास्त्र शिकवायच्या. वर्ग संपला की आम्हा चार-पाच गावाकडच्या मुलांना त्या गच्चीवर न्यायच्या आणि तोच धडा पुन्हा मराठीत सांगायच्या. तिथेच त्यांनी आम्हाला आकाश मोजायला शिकवलं. हात सरळ पुढे धरायचा, एक डोळा मिटायचा. करंगळीची रुंदी म्हणजे साधारण एक अंश, मधली तीन बोटं म्हणजे पाच, आणि मिटलेली मूठ म्हणजे दहा. "हे उपकरण घरी विसरत नाही," त्या म्हणायच्या. दुसऱ्या वर्षी वडिलांनी मला कारखान्यात चिकटवायचं ठरवलं. मी कॉलेजला जाणं बंद केलं, तर आठवड्याभरात मॅडम एसटीने मुरबाडला आमच्या दारात हजर. वडिलांनी त्यांना खाटेवर बसवलं आणि म्हणाले, "बाई, चांदण्या मोजून कुणाचं पोट भरलंय का?" मॅडम म्हणाल्या, "माझंही नाही भरलं हो. मी पेपर तपासते, त्याच्यावर भरतं. हाही तपासेल." वडिलांना हसू आलं. हसल्यावर त्यांना नाही म्हणता येत नसे. मॅडम निघाल्या तेव्हा वडिलांनी त्यांच्या पिशवीत नवा तांदूळ ओतला आणि मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. आज मी खरोखरच पेपर तपासतो.

मॅडमची एक पद्धत होती. ती आमच्या गटात सगळ्यांनी शेवटपर्यंत पाळली. आकाशात काहीही बघितलं, ग्रहण असो, युती असो, की नुसता शनी, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने त्यांना पत्र लिहायचं. फोन नाही, पुढे मोबाइल आले तरी मेसेज नाही. पोस्टकार्ड. "कार्डात मावत नसेल तर काय दिसलं ते अजून तुझं तुलाच कळलेलं नाही," असं त्यांचं म्हणणं. पत्रातली विशेषणं त्या लाल पेनने खोडायच्या आणि पुढच्या भेटीला कार्ड समोर ठेवायच्या. डोंबिवलीची वृषाली आमच्या गटातली, आता बँकेत आहे, तिने एकदा शुक्राचं वर्णन "अतिशय सुंदर" असं केलं होतं. मॅडमनी शेजारी लिहिलं, 'म्हणजे क्षितिजापासून किती वर?' आणि ढग आले, काही दिसलं नाही, तरी पत्र चुकवायचं नाही. 'दिसलं नाही' असं लिहायचं आणि का दिसलं नाही ते लिहायचं. त्या म्हणायच्या, "न दिसल्याची नोंद करायला जास्त छाती लागते. दिसल्याची काय, कुणीही करतं." अशी न दिसल्याची कार्डं त्यांच्या कपाटात वेगळ्या डब्यात होती आणि तो डबा दिसल्याच्या डब्यापेक्षा मोठा होता.

गेल्या वर्षी एक दिवस त्यांनी मला आणि वृषालीला बाळकुमला बोलावलं. एक यान एका धूमकेतूच्या अगदी जवळून जाणार होतं, आणि त्याच वेळी जमिनीवरूनही त्या धूमकेतूकडे बघणारी माणसं शास्त्रज्ञांना हवी होती, देशोदेशी, हौशी सुद्धा चालणार होती. मी विचारलं, यान एवढं जवळ जाणार तर आपण लांबून बघून काय मिळणार? मॅडमनी चहा बाजूला ठेवला. "तू लग्नघरात थेट मुदपाकखान्यात शिरलास तर तुला काय दिसेल? कढया दिसतील, आचारी दिसेल. मांडव केवढा आहे, वरात कुठवर पोचली, हे दिसेल का? ते रस्त्यावर उभा आहे त्याला दिसतं. यान आत जाणार. शेपूट केवढी, कुठे वळली, हे आपण सांगायचं." यानाची ती भेट घडणार होती तेव्हा आपल्याकडे नुकताच सूर्यास्त झालेला असणार होता. पश्चिमेच्या देशांत तेव्हा भरदिवस, पूर्वेकडच्यांचा धूमकेतू मावळलेला. त्या घटकेला तो आपल्याच पट्ट्यातल्या लोकांना दिसणार होता. मॅडम म्हणाल्या, "आयुष्यभर मी मुलांना तेच दाखवलं जे आधीच सगळ्यांना माहीत आहे. एकदा तरी आपल्याकडून असं काहीतरी जावं जे दुसऱ्या कुणाला नसेल. एक फोटो पुरे." हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की त्यांची ती किती जुनी इच्छा आहे हे आम्हाला घरी परतताना कळलं. पोटाचा कॅन्सर असल्याचं त्यांना तेव्हा कळलेलं होतं. आम्हाला त्यांनी ते नंतर सांगितलं.

अडचण एकच होती. धूमकेतू फार खाली असणार होता, पश्चिमेला, मुठीला दोन करंगळ्या कमी. बाळकुमला मॅडमच्या घरातून पश्चिमेला आधी टॉवर आणि टॉवरांच्या मागे येऊरचा डोंगर, म्हणजे तिथून प्रश्नच नव्हता. शेवटी माझ्याच इमारतीची गच्ची ठरली. मी कल्याणला खाडीच्या जवळ राहतो, आणि गच्चीवरून पश्चिमेला खाडीचं पाणी, तिवरं आणि पलीकडचा काठ एवढंच दिसायचं. मॅडम स्वतः आल्या, कठड्याला पोट टेकवून हात लांब केला आणि टोकापासून टोकापर्यंत क्षितिज बोटांनी मोजलं. तेव्हा पलीकडच्या काठावर पत्र्याचं कुंपण होतं, एक क्रेन होती आणि मोठा फलक होता. पाच टॉवर, एकमेकांना खेटून, प्रत्येकी बावीस मजले. वृषालीने तिथल्या तिथे कपाळाला हात लावला. मॅडमनी मात्र कागद घेतला. बावीस मजल्यांची उंची, खाडीची रुंदी, आमच्या गच्चीची उंची... हिशेब करून म्हणाल्या, "टॉवर पुरे झाले तरी दीड करंगळी जागा राहते. धूमकेतू वरून जाईल. बस, इथेच." मग गच्चीवर दुर्बिणीसाठी सिमेंटचा खांब बांधला आणि महिनोन् महिने त्याच जागेवरून आकाशाच्या त्याच तुकड्याचे सरावाचे फोटो काढले.

ते वर्ष आठवलं की मला तीन गोष्टी एकदम वाढताना दिसतात. आकाशात धूमकेतू उजळत होता, खाडीपलीकडे टॉवर चढत होते आणि बाळकुमला मॅडमचा आजार. रविवारी मी टॉवरांचे स्लॅब दुर्बिणीतून मोजायचो आणि त्यांना जाऊन सांगायचो. त्या पलंगावर उशीला टेकून बसलेल्या असायच्या. केस गेले होते, डोक्याला सुती रुमाल असायचा. "काय म्हणतायत आपले बिल्डर?" हा पहिला प्रश्न. एकदा म्हणाल्या, "त्याला ताबा द्यायची घाई, मला जायची घाई. तो धूमकेतू तेवढा बिचारा शिस्तीत येतोय." प्रशांत चिडला. "आई, असलं बोलू नकोस ना." त्या म्हणाल्या, "बरं, नाही बोलत. तू मोसंबी सोल." बाविसावा, आमच्या हिशेबाने शेवटचा, स्लॅब पडला त्या रविवारी वृषाली पेढे घेऊन आली. लोकांच्या टॉवरचे पेढे आम्ही खाल्ले. मॅडमना गिळता येत नव्हतं, त्यांनी कणभर जिभेवर ठेवला.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्यांना हॉस्पिटलमधून घरी आणत होतो. चाकाच्या खुर्चीत त्या, मागे प्रशांत, बाजूला औषधांची पिशवी घेऊन मी. लिफ्ट वर निघाली. त्यांच्या इमारतीत खाली चार मजले गाड्यांचे आहेत, ज्याला पोडियम म्हणतात, आणि लिफ्टमध्ये त्यांचे आकडे वेगळे येतात. पी-एक, पी-दोन, पी-तीन, पी-चार, आणि मग पुन्हा एकपासून. मॅडम त्या लाल आकड्यांकडे बघत होत्या. सातवा आला, दार उघडलं, प्रशांत खुर्ची ढकलणार तर त्यांनी हात वर केला.

"संतोष, मी कितव्या मजल्यावर राहते?"

"सातव्या, मॅडम."

"जमिनीपासून मोज."

मी मोजलं. अकरावा. त्या बावीस मजल्यांच्या फलकातही पोडियम धरलेला नसणार. आमच्याकडे कुणीच धरत नाही, सगळा ठाणे जिल्हा असाच मजले सांगतो. मी जमिनीपासून बावीस स्लॅब मोजून मोकळा झालो होतो, पेढे खाल्ले होते, आणि टॉवर अजून चार मजले वर जाणार होते. वर पाण्याच्या टाक्या. दीड करंगळी त्यातच संपणार होती. लिफ्टचं दार पुन्हा पुन्हा मिटायला बघत होतं आणि प्रशांत पायाने अडवून उभा होता. मॅडम हसायला लागल्या, आणि हसताना त्यांना दुखत होतं. "बारा वर्षं मी या लिफ्टमधून वर येते," त्या म्हणाल्या, "आणि माझ्या लक्षात नाही आलं. कागदावर मीच लिहिलं होतं, बावीस."

हातात जेमतेम दोन आठवडे होते आणि आता तिकडे आठवड्याला एक-दीड स्लॅब पडत होता, म्हणजे दीड करंगळी खायला पुरेसं. मी खाडीकाठच्या दोन सोसायट्यांत गच्ची मागायला गेलो. एका ठिकाणचे सेक्रेटरी म्हणाले, "दुर्बीण? आणि लोकांच्या बेडरूम दिसल्या म्हणजे?" मी म्हटलं, दुर्बीण आकाशाकडे असेल. "सगळे असंच सांगतात," ते म्हणाले. दुसऱ्यांनी अर्ज ठेवून घेतला, पुढच्या सभेत बघू म्हणाले. वृषालीने मुरबाड सुचवलं. पण त्या दिवसांत आमच्याकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, शेतात पालापाचोळा पसरून जाळतात. संध्याकाळी पश्चिमेला धुराचा पडदाच उभा असतो, तो लहानपणापासून मीच बघत आलो आहे. शेवटी खाडीचा बांध उरला. बांधावर अर्धा मैल चालत गेलं की टॉवर डावीकडे सरकतात आणि उजवीकडे मोकळं आकाश मिळतं. पण तिथे मोठी दुर्बीण नेणं शक्य नव्हतं, सरावाचे फोटो सगळे गच्चीवरचे, आणि जमिनीलगत हवा धुळकट. मॅडमना हे सांगायला गेलो तेव्हा त्यांना पुन्हा हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. अर्धवट गुंगीत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बांधावर जा. पत्र मात्र दुसऱ्याच दिवशी दे." एवढं स्पष्ट वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही.

यान जाणार होतं त्या संध्याकाळी मी आणि वृषाली बांधावर होतो. सूर्य मावळला तोच तांबड्या धुळीत, क्षितिजाला टेकायच्या आधीच पुसला गेला. जाळं आवरणारा एक माणूस जवळ येऊन उभा राहिला. "काय बघताय?" मी सांगितलं, धूमकेतू. त्याने आमच्या दुर्बिणीच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाला, "तिथे? तिथे तर कधी चांदणी पण नाय दिसत आता." तो थोडा वेळ आमच्याबरोबर थांबला, मग गेला. मी हात लांब करून मूठ धरली, दोन करंगळ्या कमी केल्या. कॅमेरा त्या जागेचे फोटो काढत राहिला. यान धूमकेतूजवळून जायची वेळ आली आणि गेली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळीकडे एकच मातकट उजेड होता. वृषाली घड्याळाकडे बघायचीही थांबली होती. अंधार झाल्यावर आम्ही सामान आवरलं. घरी येऊन फोटोंवर करता येईल ते सगळं केलं. काही नव्हतं.

मग प्रशांतचा फोन आला. डॉक्टरांनी त्याला दोन-तीन दिवस सांगितले होते. "आई मधेच जागी होते आणि पत्र आलं का विचारते," तो म्हणाला. "दिसला ना रे?"

"नाही दिसला."

तो म्हणाला, "हे बघ, इंटरनेटवर कुणाचा तरी फोटो आला असेलच. तो छापून आण. आपला आहे म्हणून सांगू. तिला काय कळणार आहे आता? संतोष, तिने तुझ्यासाठी एवढं केलं... तू तिच्यासाठी एवढं कर."

तो त्यांचा मुलगा आहे. महिनोन् महिने त्याने आईच्या उलट्या काढल्या आहेत. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणवत नाही. मी वृषालीला फोन केला. ती म्हणाली, "मी सांगितलं असतं, दिसला म्हणून. तोंडाने सांगितलं असतं. कार्डावर लिहिता नसतं आलं." मी कार्ड समोर घेऊन बसलो. 'दिसला' हा शब्द लिहून पाहायचा म्हणून पेन टेकवलं, पण त्या शब्दापुढे मॅडमनी जे विचारलं असतं, किती वर, किती रुंद, शेपूट कुठल्या बाजूला, त्यातल्या कशालाच माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी जे लिहायचं ते लिहिलं. पोस्टात टाकण्याइतका वेळ नव्हता. सकाळी ठाण्याला जाऊन हॉस्पिटलच्या दारात प्रशांतच्या हातात दिलं. त्याने तिथेच उभ्या-उभ्या वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेला.

त्याने ते त्यांना वाचून दाखवलं का, हे मी खूप दिवस विचारलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, माणसं पांगल्यावर, तोच म्हणाला, "वाचलं रे. जसंच्या तसं वाचलं. पण ऐकलं का ते मला विचारू नकोस. डोळे मिटलेले होते." तेव्हा आम्ही त्यांच्या खोलीत होतो. कपाटात ते दोन डबे तसेच आहेत. प्रशांतने माझं कार्ड मोठ्या डब्यात ठेवलं होतं, ते त्याने मला दाखवलं. त्यावर लाल पेनाची एकही खूण नाही. त्यांच्याकडे गेलेलं माझं हे पहिलंच कार्ड, ज्यावर काही खोडलेलं नाही... आता खाडीपलीकडचे टॉवर पुरे झाले आहेत, वर टाक्याही बसल्या. संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेलो की माझा हात आपोआप लांब होतो आणि मूठ मिटते. मुठीच्या खाली भिंत असते. यानाने धूमकेतूचे फोटो पाठवले, सगळ्यांनी पाहिले. आपल्या पट्ट्यातून त्या घटकेची नोंद कुणाची पोचली का, मी शोधलेलं नाही. आमची पोचली नाही. ती या एका कार्डावर आहे.

'ती. मॅडम,

सप्रेम जयभीम.

काल संध्याकाळी मी आणि वृषाली खाडीच्या बांधावर होतो. दुर्बीण लहान. गच्चीवरून शक्य नव्हतं, टॉवर धूमकेतूच्या वर गेले आहेत. आकाशात ढग नव्हते. क्षितिजापासून एका मुठीपर्यंत धूळ होती, रंग तांबडा, नंतर मातकट. मुठीच्या वर एक तारा दिसला. खाली एकही नाही. यान जवळून जायच्या वेळेच्या आधीपासून नंतरपर्यंत फोटो काढले. एकाही फोटोत काही नाही.

धूमकेतू दिसला नाही.

जागा दोनदा मोजली, एकदा मी, एकदा वृषालीने. मुठीला दोन करंगळ्या कमी. अंधार होईपर्यंत तिथेच बघत होतो.

आपला,
संतोष'